आवाज फाटला? लगेच डिलीट करू नका!

तुमच्या मोबाइलमध्ये असा एक तरी व्हिडिओ असणारच. मिरवणूक ऐन रंगात आलीय, ढोल अगदी समोर आहे आणि प्ले केल्यावर ऐकू येतं काय, तर नुसतं 'खर्रर्र'. 'आवाज फाटला यार' असं म्हणायचं आणि डिलीट दाबायचं. विषय संपला.

माझ्याकडे असं साडेचार मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. गेल्या नवरात्रात रूममेटसोबत तिच्या गावी, पाथर्डी तालुक्यात गेले होते. मोहटादेवीच्या यात्रेला जाऊन आलो आणि परत येताना तिच्या गावातल्या एका दादाची हलगी ऐकली. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो थांबायचा, पाचटाचा जाळ करायचा, हलगी शेकायचा, बोटाने टिचकी मारून बघायचा आणि आवाज मनासारखा 'चढला' की पुन्हा सुरू. मी मोबाइल त्याच्यापासून दोन फुटांवर धरला होता. आमच्या डोक्यात प्लॅन पक्का होता. या हलगीवर तीन मिनिटांचा ट्रॅक करायचा आणि कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचा.

नगरला हॉस्टेलवर आल्यावर लॅपटॉपला लावून ऐकलं, तर सगळं फाटलेलं. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणून फोन केला, तोवर दसरा उलटून गेला होता. दादा टोळीबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेला होता. आता परत येणार थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. गॅदरिंग जानेवारीत! म्हणजे जे हातात होतं त्याच्यावरच भागवायचं होतं. हा लेख त्या तीन महिन्यांत शिकलेल्या गोष्टींचा आहे. तुम्ही एफएल स्टुडिओ, एबलटन किंवा रीपर उघडून बसत असाल आणि डिस्टॉर्शनच्या मेनूत वीस नावं बघून गोंधळत असाल, तर तुमच्यासाठीच.

फाटतं म्हणजे नेमकं काय होतं?

आवाज म्हणजे लाट, हे आपण शाळेत शिकलोय. सॉफ्टवेअरमध्ये ती लाट डोळ्यांना दिसते. डिजिटल रेकॉर्डिंगला एक छत असतं, ० डेसिबल. लाट त्याच्याखाली असेल तोवर सगळं ठीक. ती छताच्या वर जायला लागली की वरचा भाग सरळ कापला जातो. डोंगराचा माथा छाटून पठार केल्यासारखं. यालाच क्लिपिंग म्हणतात. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये टिपऱ्याचा प्रत्येक ठोका असा सपाट झाला होता. ऑडॅसिटीमध्ये 'क्लिप फिक्स' नावाचं टूल आहे. ते छाटलेले माथे अंदाजाने पुन्हा काढून देतं. त्याने थोडा फरक पडला, पण अंदाज तो अंदाजच.

आता मजा अशी की माथा छाटला की आवाज फक्त 'कमी' होत नाही, त्यात नवीन स्वर तयार होतात. समजा मूळ स्वर १०० हर्ट्झचा आहे. छाटल्यावर त्यात ३००, ५००, ७०० असे वरचे स्वर येतात. वरचा आणि खालचा माथा सारखा छाटला नाही, तर २००, ४०० असे समपटीतलेही येतात. गाणं शिकलेल्यांना हे लगेच कळेल. १०० हा सा धरला तर २०० म्हणजे वरचा सा, ३०० म्हणजे त्याच्या वरचा पंचम आणि ५०० म्हणजे शुद्ध गंधार. तानपुरा नीट लागला की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा.

म्हणजे मूळ आवाजात नसलेलं किंवा दबलेलं काहीतरी त्यातूनच वर काढणं, हे काही गोऱ्या लोकांनी गिटारवर शोधून काढलेलं नाही. तानपुऱ्याच्या घोडीला हलकासा उतार देतात आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात, त्यामुळे तार घोडीला ओझरती घासत झणझणते. त्याला जवारी म्हणतात. जवारी 'खुली' ठेवायची की 'बंद', यावर कारागीर तासन्‌तास घालवतात. मिरजेतली तंतुवाद्यांची परंपरा यासाठीच प्रसिद्ध आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. जवारी आणि डिस्टॉर्शन यांचं यंत्र वेगळं आहे, पण कानाला हवं असतं ते सारखंच: भरलेला, जिवंत आवाज.

बिघाडातून आलेला आवाज

रेकॉर्डिंगमधल्या डिस्टॉर्शनचा इतिहास म्हणजे बिघाडांची यादी आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड झालं. स्टुडिओत पोचेपर्यंत गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर खराब झाला होता. त्यात कागद कोंबून काम भागवलं, असं सांगतात. तो घोगरा आवाज लोकांना आवडला. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ मधल्या 'डोन्ट वरी' या गाण्यात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि बेसचा तुकडा भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. तो काढून टाकण्याऐवजी तसाच ठेवला. त्या आवाजाच्या मागे लागून मॅस्ट्रो कंपनीचं 'फझ-टोन' पेडल १९६२ मध्ये बाजारात आलं. सुरुवातीला फारसं कोणी विचारलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजलं आणि पेडल दुकानांतून गायब झाली.

या गोष्टीत आपलं नगरही आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. शहरापासून दौंड रस्त्याला आठ-दहा किलोमीटरवर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. तिथे मेहेरबाबांची समाधी. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत बाबा एक शब्दही बोलले नाहीत. आणि त्यांचा एक भक्त कोण, तर पीट टाउनशेंड. 'द हू' या ब्रिटिश बँडचा गिटारिस्ट, स्टेजवर गिटार आपटून फोडणारा, त्या काळातल्या सगळ्यात कर्कश्श लोकांपैकी एक. १९६५ च्या सुमारास जिम मार्शलच्या मागे लागून १०० वॉटचे ॲम्प्लिफायर करून घेणाऱ्यांत तोही होता. 'द हू'च्या १९७१ मधल्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबाच. मौन पाळणाऱ्या गुरूचा हा असा शिष्य. दर अमरतिथीला नगरमध्ये दिसणारे परदेशी पाहुणे बघितले की आता मला हेच आठवतं.

कुठलं निवडायचं?

सॉफ्टवेअरमध्ये नावं ढीगभर असली, तरी मुळात घराणी पाच-सहाच आहेत.

सॅच्युरेशन: जुन्या टेपचा किंवा व्हॉल्व्हचा सौम्य परिणाम. माथा छाटत नाही, गोल करतो. आवाज, ढोलकी, अख्खा मिक्स, कशावरही चालतो. पहिल्यांदा हेच शिका.

ओव्हरड्राइव्ह: थोडं जास्त, पण हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात वाजवलं तर खरखरीत. गिटार आणि बेससाठी.

डिस्टॉर्शन किंवा हार्ड क्लिपिंग: सरळ छाटणी. कडक आणि धारदार.

फझ: इतकी छाटणी की लाट जवळजवळ चौकोनी होते. एकेका स्वराच्या रिफला भारी, कॉर्डवर मात्र खिचडी.

बिटक्रशर: हा लाट छाटत नाही, तिच्या पायऱ्या करतो. १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या असतात, ८ बिटला फक्त २५६ आणि ४ बिटला १६. जुन्या व्हिडिओ गेमचा आवाज हवा असेल तर हा.

वेव्हफोल्डर: छतावर गेलेला भाग कापण्याऐवजी खाली दुमडतो. सिंथवर वापरा, माणसाच्या आवाजावर जपून.

एफएल स्टुडिओत फ्रूटी फास्ट डिस्ट, ब्लड ओव्हरड्राइव्ह आणि वेव्हशेपर आहेत. एबलटनमध्ये सॅच्युरेटर, ओव्हरड्राइव्ह, पेडल आणि रेडक्स. रीपरमध्येही सोबत येणारे साधे इफेक्ट आहेत. सुरुवातीला वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, आणि पेनड्राइव्हवरून 'क्रॅक' तर घेऊच नका. एफएलच्या ट्रायलमध्ये सगळं करता येतं, फक्त सेव्ह केलेलं प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. त्यामुळे बसल्या बैठकीला ट्रॅक एक्स्पोर्ट करा किंवा रीपर, एलएमएमएसकडे वळा.

निवडताना एकच प्रश्न विचारा: या आवाजात काय कमी आहे? बेसचं उदाहरण घ्या. ५० हर्ट्झचा बेस हेडफोनवर घुमतो, पण मोबाइलच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. त्यावर थोडं सॅच्युरेशन दिलं की १००, १५०, २०० असे वरचे स्वर तयार होतात. त्यांतले वरचे मोबाइलवर ऐकू येतात आणि मूळ ५० चा अंदाज आपला मेंदू स्वतःच बांधतो. इथे डिस्टॉर्शनला कारण आहे. 'सगळे वापरतात' हे कारण नाही.

आमची चूक

आम्ही काय केलं? फाटलेल्या हलगीवर आधी फझ लावला, मग ओव्हरड्राइव्ह, मग बिटक्रशर, वर रिव्हर्ब आणि शेवटी आणखी एक डिस्टॉर्शन. एकेक प्लगइन लावलं की आवाज मोठा व्हायचा आणि आम्ही 'भारी, भारी' म्हणायचो. रात्री दीडला व्हॉट्सॲपवर दादाला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडावरून त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, ह्यात माझी हलगी कुठंय? नुसती पत्र्यावर वाळू वतल्यावानी वाटतीय."

मला आधी रागच आला. मग हेडफोन घालून नीट ऐकलं. जाड टिपरू आणि बारीक काडी यांतला फरक पूर्ण गेला होता. जोराचा ठोका आणि हळू ठोका सारखाच ऐकू येत होता. तो माणूस दर पंधरा मिनिटांनी जाळ करून जो आवाज जुळवत होता, तो आम्ही चार बटणांत पुसून टाकला होता. आणि वर त्याच्याच नावाने स्टेजवर वाजवणार होतो.

जोडायचं कसं?

मग शून्यापासून सुरुवात केली. जे कळलं ते क्रमाने सांगते.

एक, आवाजाची पातळी सारखी करून मगच तुलना करा. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. प्लगइनने आवाज ६ डेसिबलने वाढवला असेल तर आउटपुट तेवढंच खाली घ्या आणि मग चालू-बंद करून बघा. आमची निम्मी प्लगइन याच परीक्षेत नापास झाली.

दोन, क्रम महत्त्वाचा. डिस्टॉर्शनच्या आधी इक्यू लावून नको असलेला खालचा घुमारा कापा, नाहीतर तोच सगळी छाटणी खाऊन टाकतो आणि आवाज चिखल होतो. डिस्टॉर्शनच्या नंतर दुसरा इक्यू लावून वरची चरचर कमी करा. कॉम्प्रेसर आधी लावला तर डिस्टॉर्शन एकसारखं पडतं, नंतर लावला तर खरखर आणखी पुढे येते. रिव्हर्ब साधारणपणे शेवटी. तो आधी लावला तर त्याचं शेपूटही छाटलं जातं आणि सगळं एकमेकांत मिसळतं. आमची वाळू तिथूनच आली होती.

तीन, एक मोठं करण्यापेक्षा दोन छोटी बरी. पहिल्या सॅच्युरेशनने टोकं थोडी गोल केली की दुसऱ्याला पिसाटल्यासारखं छाटावं लागत नाही. पण दोघांची कामं वेगळी हवीत. एकाच कामाची दोन ठेवली तर त्यातलं एक काढा.

चार, पॅरलल. मूळ ट्रॅक तसाच ठेवा, त्याची कॉपी करा, कॉपीवर हवा तेवढा गोंधळ घाला आणि ती मूळ आवाजाखाली हळूहळू मिसळा. कॉपी आहे हे जाणवलं नाही पाहिजे, पण बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे. एवढं लक्षात ठेवा की कॉपी थोडीही उशिरा वाजली तर आवाज पोकळ होतो, म्हणून सॉफ्टवेअरचं डिले कॉम्पेन्सेशन चालू आहे ना ते बघा.

पाच, पट्टे वेगळे करा. साधारण १२० हर्ट्झच्या खालचा भाग स्वच्छ ठेवा आणि डिस्टॉर्शन फक्त मधल्या पट्ट्यावर द्या. बेस आणि किक ठाम राहतात.

सहा, कॉर्डवर जपून. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. सा २०० आणि प ३०० असेल तर १०० आणि ५०० मिळतात, म्हणजे खालचा सा आणि वरचा गंधार. छान! पण कीबोर्डवरचा गंधार अचूक २५० नसून जवळपास २५२ असतो. त्याच्या आणि २०० च्या वजाबाकीतून ५२, १४८ असे कुठेच न बसणारे स्वर निघतात. म्हणून रॉकवाले गिटारवर फक्त सा-प वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. पूर्ण कॉर्ड हवाच असेल तर एकेक स्वर वेगवेगळ्या ट्रॅकवर डिस्टॉर्ट करा.

सात, ओव्हरसॅम्पलिंगचं बटण असेल तर एक्स्पोर्ट करताना चालू करा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच स्वर मावतात. डिस्टॉर्शनने २५,००० चा स्वर तयार केला तर तो गायब होत नाही, उलटा फिरून १९,१०० वर येऊन बसतो. हे परतलेले स्वर बेसूर असतात आणि ऐकणाऱ्याला काहीतरी खुपत राहतं.

आमच्या ट्रॅकचं शेवटी काय झालं? मूळ हलगी, तिचा खालचा घुमारा कापलेला. त्यावर एकच टेप सॅच्युरेशन. खाली पॅरलल कॉपी, तीही मधल्या पट्ट्यापुरती. ती मुळात फाटलेलीच होती, म्हणून तिच्यावर नवं काही लावलंच नाही, फक्त वरची चरचर काढली. बिटक्रशर मध्यात फक्त आठ मात्रांसाठी. आणि शेवटची वीस सेकंद काहीच नाही. नुसती हलगी, जशी मोबाइलमध्ये आली होती तशी. दादाला पुन्हा पाठवलं. या वेळी त्याने फोन केला नाही, ऑडिओ मेसेज पाठवला. त्यात तो आपल्या शेजाऱ्याला सांगत होता, "ऐक, काडी ऐकू येतीय का? ती माझी."

गॅदरिंगला पडद्यावर पहिलं नाव त्याचं होतं.

कान एकदाच मिळतात

एक गोष्ट राहिली. डिस्टॉर्शन लावलेला आवाज ऐकताना कान थकतात आणि थकले की आपण आवाज आणखी वाढवतो. टाउनशेंडने आपल्या कानांच्या नुकसानीबद्दल जाहीरपणे अनेकदा सांगितलंय आणि दोष स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनला जास्त दिलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, ही सुरक्षित मर्यादा. तुम्ही हेडफोनवर रोज रात्री किती तास असता, ते मोजा. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवा.

आणि बाहेर वाजवताना हेही आठवा: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, अशी मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मिरवणुकीतल्या भिंतीसमोर छाती हलते तेव्हा तिथे डिस्टॉर्शन असतंच, पण ते कोणी निवडलेलं नसतं. ॲम्प्लिफायर झेपेल त्यापलीकडे ताणलेला असतो. त्यात स्पीकरचे ट्वीटर जळतात आणि शेजारच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठतं.

होळीनंतर मढीच्या यात्रेसाठी दादा गावी आला. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मोबाइल सात-आठ फूट लांब, रेकॉर्डिंग ॲपमध्ये इनपुट कमी, आणि सगळ्यात मोठा ठोका -६ च्या वर जात नाही ना ते आधी वाजवून तपासलेलं. दादा जाळाजवळ बसून हलगी शेकत होता. टिचकी मारली, मान हलवली, पुन्हा शेकली. आम्ही थांबलो. त्याचं झाल्यावरच रेकॉर्डचं बटण दाबलं.

तुम्हीही या रविवारी एक काम करा. मोबाइलमधलं फाटलेलं एखादं रेकॉर्डिंग शोधा, त्याची कॉपी करा आणि कॉपीवर एकच इफेक्ट लावून बघा. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा. आणि वाजवणारा ओळखीचा असेल, तर गॅदरिंगआधी त्याला एकदा ऐकवा.